अनाथ अस्वलाचं पिल्लू जंगलात परत कसं जातं?



परिसर अभ्यासात प्राण्यांचा पाठ सुरू झाला की मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. "पिल्लाची आई मेली तर पिल्लाचं काय होतं?" याचं सोपं उत्तर म्हणजे "कुणीतरी सांभाळतं". पण चौथीतलं एखादं चौकस मूल लगेच पुढचा प्रश्न टाकतं, "मग ते मोठं झाल्यावर परत जंगलात जातं का?" हा प्रश्न खरा अवघड आहे. कारण सांभाळणं आणि परत पाठवण्यासाठी सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या प्रश्नाचं उत्तर अस्वलांच्या बाबतीत काही माणसांनी अनेक वर्षं खपून शोधलं आहे. त्यातली दोन ठिकाणं आज बघू. एक रशियातलं बुबोनित्सी हे लहानसं गाव आणि दुसरं आपल्याच देशातलं, अरुणाचल प्रदेशातलं पाक्केचं जंगल. शेवटी हा विषय वर्गात कसा घेता येईल तेही दिलं आहे.

आधी अस्वलाचं बाळपण समजून घेऊ

थंड प्रदेशातलं तपकिरी अस्वल हिवाळाभर गुहेत किंवा बिळात पडून राहतं. मादी याच काळात, ऐन थंडीत, जानेवारीच्या आसपास पिल्लं देते. त्या काही महिन्यांत ती खात नाही, पाणीही पीत नाही. उन्हाळ्यात आणि शरदात साठवलेल्या चरबीवर स्वतः जगते आणि त्यातूनच पिल्लांना दूध पाजते.

जन्मलेलं पिल्लू असतं साधारण अर्ध्या किलोचं. म्हणजे आपल्या घरी येणाऱ्या अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं! आणि त्याची आई शंभर किलोच्या वर. माणसाचं बाळ साधारण तीन किलोचं असतं आणि आई पन्नास-साठ किलोची. हा हिशोब मुलांना फळ्यावर करायला द्या. अस्वलाचं पिल्लू आईच्या मानाने किती इवलंसं असतं ते त्यांचं त्यांनाच कळेल.

पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, अंगावर केस जेमतेम असतात. डोळे उघडायला महिनाभर लागतो. आईच्या अंगाची ऊब आणि दूध हेच त्याचं जग. हे दूधही साधंसुधं नसतं. गाईच्या दुधात साधारण चार टक्के फॅट असतं, तर गुहेतल्या अस्वलाच्या दुधात वीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळेच अर्ध्या किलोचं पिल्लू वसंतात गुहेबाहेर येईपर्यंत चांगलं काही किलोंचं झालेलं असतं. पुढे दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, ते आईच्या मागे मागे फिरतं.

आता विचार करा, या साखळीतून आईच निघून गेली तर?

पिल्लं अनाथ का होतात?

रशियात याचं मोठं कारण होतं हिवाळ्यातली शिकार. शिकारी कुत्रे घेऊन गुहा शोधायचे आणि आत झोपलेल्या अस्वलाला बाहेर काढून मारायचे. मारल्यावर आत बघितलं की कधी कधी दोन-तीन पिल्लं कुईकुई करत असायची. दुसरं कारण झाडतोड. गुहेजवळ यंत्रं धडधडायला लागली की घाबरून मादी पळून जाते आणि बऱ्याचदा परत येत नाही. म्हणजे पिल्लं अनाथ होण्यामागे बहुतेक वेळा माणूसच असतो. हे मुलांना स्पष्ट सांगावं. "आई हरवली" एवढंच सांगून थांबू नये.

बुबोनित्सीचं घर

व्हॅलेंटिन पाझेत्नोव हे रशियातले अस्वलांचे अभ्यासक. १९७० च्या दशकात एका राखीव जंगलात त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. अनाथ पिल्लांना घेऊन ते स्वतः जंगलात राहिले, त्यांच्याबरोबर महिनोन् महिने हिंडले आणि पिल्लं काय करतात ते नुसतं बघत, लिहीत राहिले. पिल्लांना काय शिकवावं लागतं आणि काय ती आपली आपणच करतात, हे त्यांना शोधायचं होतं.

त्यांना जे दिसलं ते आपल्यासारख्या शिक्षकांना विचार करायला लावणारं आहे. कोणतं गवत खायचं, कुजलेलं लाकूड फोडून आतल्या अळ्या कशा काढायच्या, मुंग्यांची वारुळं कशी उकरायची, झाडावर कसं चढायचं, थंडी आली की बिळासाठी जागा कशी शोधायची, यातलं बरंचसं पिल्लं कुणी न दाखवता करू लागतात. हुंगतात, चाखतात, थुंकतात, पुन्हा करून बघतात. त्यांना हवं असतं जंगल, वेळ, सुरक्षितता आणि बरोबरीची दुसरी पिल्लं.

पण एक गोष्ट मात्र फार लवकर आणि फार पक्की शिकली जाते. डोळे-कान उघडल्यानंतरच्या दिवसांत पिल्लू ज्याच्या मागे चालायला लागतं, त्याला आपलं मानतं. निसर्गात ती जागा आईची असते. तिथे माणूस आला तर पिल्लू माणसामागे चालू लागतं, आणि ही ओढ नंतर पुसणं फार कठीण जातं.

१९८५ साली पाझेत्नोव कुटुंब त्वेर प्रांतातल्या बुबोनित्सी गावी आलं आणि तिथे त्यांचं संशोधन केंद्र सुरू झालं. १९९० च्या दशकात या केंद्रात अनाथ पिल्लं वाढवून जंगलात परत सोडण्याचं काम नियमितपणे होऊ लागलं. इंटरनॅशनल फंड फॉर अॅनिमल वेल्फेअर या संस्थेने त्याला मदत केली. पाझेत्नोव, त्यांची पत्नी, मुलगा, सून, पुढे नातू असं सगळं घरच या कामात उतरलं. आजवर दोनशेहून जास्त पिल्लं तिथून जंगलात परत गेली आहेत.

न बोलण्याचा नियम

हिवाळ्यात पिल्लं येतात तेव्हा काही अर्ध्या-एक किलोची असतात. त्यांना उबदार खोक्यात ठेवतात, दिवसातून अनेकदा बाटलीने दूध देतात. दूध पिताना पिल्लू समाधानाने घुर्रर्र असा सलग आवाज काढतं, लांबून एखादी छोटी मोटार चालू असल्यासारखा. अगदी तान्ह्या पिल्लाला शी-शू आपली आपण करता येत नाही, आई चाटून ती करवते. ते कामही माणसाला ओल्या कापसाने करावं लागतं. हे ऐकून मुलं हसतात, हसू द्या. आई काय काय करते, हे त्यांना त्यातूनच समजतं.

आता यातला खरा अवघड भाग. इतकं गोंडस पिल्लू मांडीवर आहे, पण त्याच्याशी बोलायचं नाही. नाव घेऊन हाक मारायची नाही. कुरवाळायचं नाही, खेळायचं नाही. माणसाचा आवाज म्हणजे दूध, माणसाचा हात म्हणजे माया, अशी जोडी पिल्लाच्या डोक्यात बसू द्यायची नाही. सांभाळणारी माणसं ठरलेली दोन-तीनच, ठरावीक गडद कपडे, हातात मोजे, डोक्यावर टोपडं. काम करायचं आणि गप निघून जायचं. पिल्लं बघायला पाहुण्यांना तिथे सोडत नाहीत.

बर्फ वितळला की पिल्लांना कुंपण घातलेल्या जंगलाच्या तुकड्यात सोडतात. तिथे खरी झाडं, खरी माती, खरे किडे. दुधातली पेज पातेल्यात ठेवून माणूस लगेच बाजूला होतो. पिल्लं एकमेकांशी कुस्त्या खेळतात, झाडावर चढतात, एकमेकांना बिलगून झोपतात. एकटं आलेलं पिल्लू असेल तर त्याला दुसऱ्यांच्यात मिसळवतात. माया तर हवीच असते, पण ती पिल्लांना पिल्लांकडून मिळते.

याच विचारातून जगात ठिकठिकाणी वेगवेगळ्या युक्त्या निघाल्या. २०२५ साली कॅलिफोर्नियात एका अनाथ पिल्लाला वाढवताना सांभाळणारी माणसं अस्वलाचा मुखवटा आणि केसाळ कोट घालून जायची. ते व्हिडिओ अनेकांच्या मोबाइलवर आले असतील. चीनमध्ये पांडाची पिल्लं वाढवणारे कर्मचारी पांडाचा पोशाख घालतात, इतकंच काय, त्याला पांडाच्या मुताचा वासही लावतात! बघायला गंमत वाटते, पण कारण तेच. पिल्लाने माणसाला ओळखू नये.

अमेरिकेतल्या काही राज्यांत तर त्याहून साधा मार्ग वापरतात. हिवाळ्यात गुहेत असलेली, स्वतःची पिल्लं असलेली रानटी मादी शोधायची आणि अनाथ पिल्लू तिच्या पिल्लांत नेऊन ठेवायचं. परक्या वासाने तिने पिल्लू झिडकारू नये म्हणून कधी कधी चक्क विक्ससारखं मलम लावतात, म्हणजे सगळ्यांचा वास सारखाच! बहुतेक वेळा ती मादी त्या पिल्लाला आपलं म्हणून वाढवते. आईची जागा दुसऱ्या आईनेच घेतली, तर माणसाचं कामच उरत नाही.

सोडण्याची वेळ

बुबोनित्सीत पिल्लं साधारण सात-आठ महिन्यांची झाली की त्यांना सोडायची तयारी होते. ऑगस्ट-सप्टेंबरचा काळ. जंगलात बोरांसारखी लहान लहान फळं पिकलेली असतात, खाण्याची चंगळ असते. पिल्लाचं वजन बघतात, तब्येत तपासतात, कानाला ओळखीचा बिल्ला लावतात. लांबून आलेलं पिल्लू शक्य असेल तर त्याच्याच भागातल्या जंगलात नेऊन सोडतात.

निसर्गात या वयाचं पिल्लू आईबरोबरच असतं. मग इतक्या लवकर का सोडायचं? कारण पाझेत्नोवांच्या अभ्यासातून दिसलं होतं की या वयात ते स्वतः पोट भरू शकतं आणि हिवाळ्यासाठी बीळ शोधू शकतं. जास्त दिवस ठेवलं तर पातेल्यातल्या पेजेची आणि ती आणणाऱ्या माणसाची सवय वाढत जाते. जे पिल्लू अशक्त आहे, पुरेसं भरलेलं नाही, त्याला मात्र घाई करत नाहीत. ते केंद्रातच हिवाळा काढतं.

शेवटची परीक्षा एकच. माणूस दिसला की पिल्लू काय करतं? पळून झाडावर चढलं तर पास. जवळ आलं, खाऊ मागायला लागलं, तर ते जंगलासाठी तयार नाही. आपल्याकडे जवळ येणारं मूल धीट समजतात. इथे मात्र घाबरून पळणारं पिल्लू हुशार!

पाक्के : रोजची जंगलफेरी

आता आपल्या देशात येऊ. अरुणाचल प्रदेशातल्या पाक्के व्याघ्र प्रकल्पात २००२ साली अस्वलांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झालं. राज्याचा वनविभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि बुबोनित्सीला मदत करणारीच आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून ते उभं केलं. इथली पिल्लं हिमालयी काळ्या अस्वलाची. छातीवर पांढरट चंद्रकोर असते, त्यावरून मुलांना हे अस्वल लगेच ओळखता येईल.

इथे अडचण जरा वेगळी होती. शिकारीत आई मारली गेली की पिल्लू गावात यायचं आणि कुणाच्या तरी घरी पाळलं जायचं. केंद्रात येईपर्यंत त्याने माणसाच्या घरात काही दिवस, कधी काही आठवडे काढलेले असायचे. माणूस त्याला आधीच माहीत झालेला. शिवाय जंगल घनदाट, आणि त्यात वाघ, बिबटे, रानकुत्रे. एकट्या लहान पिल्लाला एकदम सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणंच.

म्हणून पाक्केत वेगळी पद्धत ठरली. आसपासच्याच गावांतले, जंगल माहीत असलेले सांभाळणारे रोज पिल्लांना घेऊन जंगलात चालायला जातात. हो, चालायला! पुढे माणूस, मागे दोन-तीन पिल्लं. पिल्लं थांबतात, माती उकरतात, ओढ्यात खेकडे-किडे शोधतात, फळझाडावर चढून बसतात. माणूस त्यांना काही भरवत नाही, काही शिकवत नाही. फक्त जवळपास असतो, म्हणजे पिल्लांना धीर असतो. रात्री जंगलातल्याच सुरक्षित पिंजऱ्यात मुक्काम.

सुरुवातीला थोडा वेळ, मग काही तास, मग जवळजवळ सगळा दिवस. पिल्लं जसजशी मोठी होतात तसतशी माणसापासून लांब जाऊ लागतात. एक दिवस एखादं पिल्लू फेरीहून परत येतच नाही. रात्र बाहेर काढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकावतं, पुन्हा जातं. मग येणं कमी कमी होत जातं. गळ्यातल्या रेडिओ कॉलरवरून ते कुठे आहे हे लांबून बघितलं जातं. माणसं शोधायला जातात, पण आणायला जात नाहीत.

म्हणजे बुबोनित्सीत माणूस पहिल्यापासूनच नसल्यासारखा राहतो. पाक्केत तो आधी असतो आणि हळूहळू नाहीसा होतो. मार्ग दोन, पण पोहोचायचं ठिकाण एकच. शेवटी पिल्लाला माणसाची गरज उरता कामा नये.

तोंडाचा वास आणि एक अभ्यासक

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात बेन किलहॅम नावाचे गृहस्थ १९९० च्या दशकापासून काळ्या अस्वलांची अनाथ पिल्लं वाढवत आले आहेत. तेही पिल्लांबरोबर जंगलात फिरायचे. त्यांनी एकदा गुडघ्यांवर बसून क्लोव्हर नावाचं एक रानगवत स्वतः तोंडात घेतलं. पिल्लू जवळ आलं, त्यांच्या तोंडात नाक खुपसून हुंगलं आणि निघालं तेच गवत शोधायला! पिल्लू आईच्या तोंडाचा वास घेऊन काय खावं ते शिकतं, हे त्यातून त्यांच्या लक्षात आलं. १९९६ साली त्यांच्याकडे आलेली स्क्वर्टी नावाची मादी पुढे जंगलात राहिली, तिने अनेकदा पिल्लं दिली आणि किलहॅम वीस वर्षांहून जास्त काळ तिचं निरीक्षण करत राहिले.

किलहॅम यांची आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची. त्यांना डिस्लेक्सिया आहे. वाचन-लेखन त्यांना शाळेत फार जड गेलं. पण डोळ्यांनी बघून समजून घेण्याची ताकद दांडगी. त्यावर त्यांनी काम केलं, पुस्तकं लिहिली आणि पुढे पीएच.डी.ही मिळवली. आपल्या वर्गातलं वाचताना अडखळणारं मूल मुंग्यांची रांग तासभर बघत बसत असेल, तर ते वेळ घालवत नसतं, हे लक्षात असू द्या.

आपल्याकडचं अस्वल आणि दरवेशी

महाराष्ट्रात जे अस्वल आहे ते वेगळ्या जातीचं. काळं, झुबकेदार केसांचं, लांब नखांचं. मेळघाट, ताडोबा, गडचिरोलीची जंगलं, बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य इथे ते राहतं. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं मुख्य अन्न. त्याचे वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी फुर्र करून ओढून घेतं. मोहाची फुलं, जांभळं, बोरं, मध हेही आवडीचं. याची आई पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. हे चित्र मुलांना नक्की दाखवा.

तुमच्या-माझ्या आई-वडिलांच्या पिढीने हेच अस्वल गावात बघितलं आहे. दरवेशी यायचा, डमरू वाजवायचा, अस्वल दोन पायांवर उभं राहून नाचायचं. पोरांना अस्वलाच्या केसाचा ताईत मिळायचा. ते अस्वलही एक अनाथ पिल्लूच होतं. शिकाऱ्यांनी आईपासून हिरावून आणलेलं. त्याच्या नाकातून तापलेली सळई आरपार घालून दोर ओवलेला असायचा, दात पाडलेले असायचे. दोराला हिसका बसला की कळ यायची, म्हणून ते उभं राहायचं. त्याला आपण नाच म्हणत होतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी अस्वलं पकडणं-पाळणं गुन्हा ठरलं. पण प्रथा पूर्ण थांबायला बरीच वर्षं गेली. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने वनविभागांबरोबर काम करून सहाशेहून जास्त नाचणारी अस्वलं सोडवली. त्यांच्यासाठी आग्र्याजवळ मोठं केंद्र उभं राहिलं आणि २००९ साली शेवटचं नाचणारं अस्वलही सुटलं. महत्त्वाचं म्हणजे अस्वलांवर पोट असलेल्या कलंदर कुटुंबांना दुसरे उद्योग आणि त्यांच्या मुलांना शाळा मिळावी यासाठीही प्रयत्न झाले. मुलांना सांगताना त्या समाजाला खलनायक करू नका. पिढ्यान् पिढ्यांचं पोट त्यावर होतं.

ही अस्वलं सुटली, पण जंगलात परत गेली नाहीत. जाऊच शकत नव्हती. दात नाहीत, आईबरोबर हिंडण्याचं वय पिंजऱ्यात गेलेलं, आणि माणसाशिवाय जगणं माहीतच नाही. आता ती केंद्रात बरी राहतात, खातात-पितात, पण कुंपणाच्या आतच. बुबोनित्सीच्या पिल्लाची आणि दरवेश्याच्या पिल्लाची सुरुवात एकच होती. दोघांची आई माणसाने मारली. पुढचं आयुष्य ठरलं ते त्यांना कशासाठी वाढवलं यावरून.

"सोडलेलं अस्वल माणसाला धोका नाही का?"

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. विदर्भात मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या माणसांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या आपण वाचतो. बहुतेक वेळा माणूस अचानक समोर आल्यामुळे दचकून अस्वल हल्ला करतं. माणसाची चाहूल लागताच दूर जाणारं अस्वल माणसासाठी सगळ्यात कमी धोक्याचं. उलट माणसाच्या हातून खाल्लेलं अस्वल वस्तीत येतं, घरात शिरतं, आणि मग कुणीतरी जखमी होतं किंवा अस्वलाचा जीव जातो, नाहीतर ते कायमचं पिंजऱ्यात जातं. म्हणून न बोलण्याचा, न कुरवाळण्याचा नियम जितका पिल्लासाठी आहे तितकाच जंगलाशेजारच्या गावासाठीही आहे.

पिल्लू दिसलं तर काय करायचं?

जंगलाजवळच्या शाळांनी हे मुलांकडून पाठच करून घ्यावं.

१. एकटं पिल्लू म्हणजे अनाथ पिल्लू असं नाही. आई जवळपास असू शकते, आणि ती आली तर तुम्हालाच धोका आहे. आधी लांब व्हा.
२. उचलू नका, दूध-बिस्किट देऊ नका, फोटोसाठी गर्दी करू नका.
३. मोठ्या माणसाला सांगा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.
४. घरी आणून पाळणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

वनविभागाचे लोकही आधी पिल्लाची आणि आईची पुन्हा भेट घडवायचा प्रयत्न करतात. ते जमलं तर बाकी कशाचीच गरज पडत नाही. केंद्रात नेऊन वाढवणं हा शेवटचा उपाय.

वर्गात घेण्यासाठी

• शब्दावर गप्पा : "माणसाळणे" हा शब्द फळ्यावर लिहा. त्यात कोण लपलंय ते विचारा. कुत्रा, गाय, मांजर माणसाळलेले आहेत, त्यात वाईट काय? आणि अस्वल माणसाळलं तर वाईट का? मुलं फार सुंदर उत्तरं देतात.

• घरचा अभ्यास : आजी-आजोबांना विचारून या, तुम्ही दरवेश्याचं अस्वल बघितलं होतं का? तेव्हा काय वाटलं होतं? दुसऱ्या दिवशी वर्गात वाचन.

• गटचर्चा : बुबोनित्सीची पद्धत की पाक्केची? आपलं मत आणि एक कारण. दोन्हीकडची कारणं फळ्यावर मांडा. एकच उत्तर बरोबर असं ठरवू नका.

• नाट्यीकरण : एक मूल पिल्लू, एक सांभाळणारा. सांभाळणाऱ्याने दूध द्यायचं, पण बोलायचं नाही, हसायचं नाही. दोन मिनिटं टिकतं का बघा. हे काम किती अवघड आहे, ते यातून चटकन पोहोचतं.

आणि एक गोष्ट आपल्या मोठ्यांसाठी. हे वाचून कुणी "मुलांनाही असंच दुरून वाढवावं" असा अर्थ काढू नये. माणसाच्या मुलाला बोलणं, जवळ घेणं, नावाने हाक मारणं हवंच हवं, त्याशिवाय ते फुलत नाही. पिल्लाला जंगलात जायचं असतं, आपल्या मुलांना माणसांत. पण पाक्केतला सांभाळणारा जसा रोज थोडा थोडा मागे राहतो, तेवढं मात्र घेण्यासारखं आहे. मूल बुटाची नाडी बांधत असेल, बेरीज करत असेल, भांडण मिटवत असेल, तेव्हा आपण जवळ असावं आणि हात मागे ठेवावा. ते अडलं तर आपण आहोतच.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा पाठ त्या प्रश्नांपासूनच सुरू करता येईल.